मैनेचा जबडा

शहनाज मुलाणीला लोणावळ्याच्या पॉइंटवर अजूनही सगळे उंटवाली म्हणतात. तिच्याकडे उंट नाही याला आता बरीच वर्षं झाली. ती मक्याची कणसं भाजून विकते. निखाऱ्यांना वारा घालताना गिऱ्हाईकाकडे बघतसुद्धा नाही, आणि कुणी "मावशी, कणीस कोवळं आहे ना?" असं विचारलंच तर म्हणते, "तुमच्यापरीस कोवळंय. घ्या." अशा बाईचा गाडा खरं तर चालू नये, पण तिचाच सगळ्यांत जास्त चालतो. लोकांना टोमणेही आवडतात, फक्त ते लिंबू-मीठ लावून द्यावे लागतात.

तिचं माहेर सोमाटण्याचं. वडील हायवेच्या कडेला ट्रकच्या सीटा शिवायचे. वाहिद मुलाण्याचं स्थळ आलं तेव्हा तिला सांगण्यात आलं होतं की दारात घोडं आहे, कारण वाहिदचे वडील टांगा हाकायचे. ती लग्न होऊन लोणावळ्याच्या अलीकडच्या एका गावात उतरली तर दारात उंट. टांग्याचे दिवस सरल्यावर वाहिदने घोडं विकून राजस्थानकडून चरत चरत खाली आलेल्या कळपातली एक तरणी उंटीण घेतली होती. तिचं नाव मैना. एवढ्या थोरल्या जनावराचं नाव मैना कशापायी, असं नव्या नवरीने विचारलं. वाहिद म्हणाला, "तिचा आवाज आयकलास का? मंग नाव तरी ग्वाड असू दे की."

पहिलं वर्षभर सवतीसारखं भांडण चाललं. मैना शहनाजच्या अंगावर थुंकायची, शहनाज मैनेच्या कडब्यातला कोवळा भाग गाईला घालायची. मग वाहिद तापाने पडला, पर्यटकांना उंटावर फिरवायचा धंदा बंद पडायची वेळ आली, आणि शहनाजने डोक्यावरचा पदर खोचून मैनेची दोरी हातात घेतली. बाईमाणसाने उंट धरून पॉइंटवर उभं राहायचं, हे घोडेवाल्यांना रुचलं नाही. त्यांनी तिला घाटाच्या टोकाला, जिथे गिऱ्हाईक फिरकत नाही, तिथे ढकललं. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा मधोमध. "हटवा मला," म्हणाली, "पर आदी हिला हटवा." मैना बसली की तिला तिच्या मर्जीशिवाय कुणी उठवू शकत नसे. घोडेवाले गप्प बसले आणि सवतींचं सूत जमलं ते कायमचं.

मैनेच्या खालच्या पुढच्या दातांपैकी एक अर्धा तुटलेला होता. मुंबईच्या एका नवपरिणीत जोडप्याने तिच्यासमोर कॅमेऱ्याचा स्टँड उभा केला, आणि तिने त्याचा पाय गवताची काडी समजून चावला. नवरामुलगा भरपाई मागायला लागला. शहनाजने दाताची भरपाई आधी मागितली. दोघांनीही शेवटी काही दिलं नाही.

म्हातारी होऊन मैना गेली. वाहिद अगदी लहान मुलासारखा रडला. त्यांचा गोठा गावाबाहेर दुसऱ्याच्या पडीक जमिनीवर होता, तिथेच मागच्या उतारावर खड्डा घेतला. कोल्ह्या-कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर चुना टाकायचा ठरलं. त्या दिवशी चुना मिळेना. मग शेजारची भागुबाई गायकवाड, जिच्या घराला नुकताच चुना लावून झाला होता, उरलेली गोणी डोक्यावर घेऊन आली आणि स्वतःच्या हाताने तिने तो मैनेच्या अंगावर पसरला. गावातल्या हनुमंतने फावडं चालवलं. तेव्हा तो सरपंच नव्हता, नुसता हनुमंत होता आणि कामाला येत होता. पुढच्या वर्षी वाहिद गेला. जमिनीच्या मालकाने जमीन विकली. शहनाज लोणावळ्यात भाड्याच्या खोलीत आली आणि कणसं भाजायला लागली. गावात ती सणासुदीला जायची, भागुबाईकडे जेवायची, आणि येताना त्या उतारावर थोडा वेळ उभी राहून यायची.

त्या जमिनीवर आता प्रदीपशेठचं रिसॉर्ट आहे. प्रदीपशेठ म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस; स्वतः कधी मातीत हात घालणार नाही, पण सगळ्या तालुक्याने कुठे खणायचं ते तो सांगणार. पोहण्याचा तलाव खणताना जेसीबीच्या दातात एक कवटी आली, मग जबडा, मग फासळ्या. सगळं पांढरं टणक, दगडासारखं. चुन्यावर मावळचे एवढे पावसाळे कोसळले म्हणजे त्याचं दुसरं काय होणार? पण हे कुणाला सांगायचं! रिसॉर्टमध्ये उतरलेल्या एका पाहुण्याने मोबाइलमध्ये शोधलं आणि जाहीर केलं की हा लाखो वर्षांपूर्वीचा, आता नामशेष झालेला उंट आहे. प्रदीपशेठला दुसऱ्या कुणाला विचारायची गरज वाटली नाही. आठ दिवसांत काचेची पेटी आली, मखमल आली आणि मोठी पाटी आली: मावळचा महाउंट, पंचवीस लाख वर्षांपूर्वीचा. पाटीवर चित्र दोन वशिंडांच्या उंटाचं.

शहनाजला हे कळलं कणसाच्या गाड्यावर, एका रिक्षावाल्याच्या मोबाइलमध्ये. तिने फोटो पाहिला. मोठा करून मागितला. पुढचा अर्धा दात पाहिला. निखाऱ्यावर कणीस जळून कोळसा झालं तरी तिचं लक्ष नव्हतं.

"ही मैना हाय," ती म्हणाली.

ती तशीच गावात गेली, आधी भागुबाईकडे. भागुबाई अंगणात मिरच्या वाळवत होती. शहनाजला पाहताच तिने मान खाली घातली, त्यावरूनच शहनाजला कळलं की हिला ठाऊक आहे. हिलाच काय, गावाला ठाऊक आहे.

"भागुबाई, माझी मैना काचंत घातली त्यांनी."

"बस. पानी पी."

"पानी नगं. तू काय बोलली का न्हाई?"

भागुबाईने मिरच्या उगाच इकडच्या तिकडे केल्या. "शहनाज, आयक. त्यो शेठ म्हनतोय, महाउंटामुळं मोठ्या रस्त्यापासनं गावापत्तुर डांबर व्हईल. म्युझियम व्हईल. माझ्या पायलला तितं नोकरी लागंल, पोरगी शिकून घरी बसलीय. मेलेल्या जनावराचं काय घिऊन बसलीस? तिला काय कळतंय आता?"

"तिला न्हाई कळत. मला कळतंय."

"सारं गाव गप हाय. तू बी गप ऱ्हा."

शहनाजला त्या क्षणी जेवढा राग आला तेवढा घोडेवाल्यांचा कधी आला नव्हता. परक्याने ढकललं तर माणूस उभं राहतं. आपल्या माणसाने गप्प बसायला सांगितलं की पायातलं बळच जातं. ती पाणी न पिता उठली. सरपंच हनुमंतकडे गेली. हनुमंतने चहा मागवला, पंखा लावला आणि म्हणाला, "वैनी, आपलं जनावर एवढं मोठं झालं, त्यात आपलाच मान न्हाई का?"

"मान पायजे तर पाटीवर तिचं नाव लिवा. मैना. वाहिद मुलाण्याची उंटीण."

"तसं कसं लिवायचं? मंग ती पंचवीस लाख वर्सांची कशी ऱ्हाईल?"

"तेच म्हनते मी," शहनाज म्हणाली, आणि चहा तसाच ठेवून बाहेर पडली.

रिसॉर्टच्या गेटवर तिला आत सोडलं नाही. ती गेटसमोर बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसली, या वेळी गाडा घेऊन. आत जाणाऱ्या प्रत्येक गाडीतल्या माणसाला ती कणीस देताना सांगायची, "आतला उंट बगायला चाललाय? माजा हाय तो. तिचं नाव मैना. तिला गवारीच्या शेंगा लय आवडायच्या." लोक हसायचे, फोटो काढायचे. वॉचमनने गाडा हलवायला सांगितला तर म्हणाली, "रस्ता तुज्या शेठच्या बापाचा हाय का? न्हाई ना. मंग कणीस खा." त्याने कणीस खाल्लं.

प्रदीपशेठला हे झोंबलं. त्याने ठरवलं की या बाईचं तोंड विज्ञानानेच बंद करायचं. उद्घाटनाच्या दिवशी पुण्याहून जीवाश्मांच्या अभ्यासक डॉक्टर अनघा यांना बोलावलं, त्यांच्या तोंडून हे सगळ्यांसमोर वदवून घ्यायला. अनघाबाईंनी फोनवर एवढंच म्हटलं होतं की आधी मी पाहीन, मग बोलेन. प्रदीपशेठने त्यातलं "बोलेन" तेवढं ऐकलं.

उद्घाटनाला सगळं गाव आलं होतं. समई पेटवलेली, भटजी नाही पण फोटोग्राफर दोन. शहनाज गेटमधून आत आली, कारण वॉचमनला त्या दिवशी नेमका गाडीचा नंबर लिहिण्यात फार वेळ लागला. ती सरळ काचेच्या पेटीपाशी जाऊन उभी राहिली.

"ही माजी उंटीण हाय," ती मोठ्याने म्हणाली. "मी हितनं हलनार न्हाई."

प्रदीपशेठ हसला. "मॅडम, हीच ती. तुम्हीच सांगा हिला."

अनघाबाई पन्नाशीच्या, चष्मा दोरीने गळ्यात. त्यांनी शहनाजकडे पाहिलं, मग पेटीकडे. "झाकण काढा," म्हणाल्या. खालचा जबडा त्यांनी दोन्ही हातांनी बाहेर घेतला आणि एका बारीक हत्याराने दाढांवरचं पांढरं कवच टवकायला सुरुवात केली. शहनाज त्यांच्या हातांकडे बघत होती. हात हळू चालत होते, हे तिला बरं वाटलं.

"उंट आहे, त्यात शंका नाही," अनघाबाई म्हणाल्या. "गाईम्हशीला वरच्या जबड्यात पुढे दातच नसतात. ही कवटी बघा, इथे आहेत. आता प्रश्न असा की कुठला उंट."

"शिवालिकचा!" प्रदीपशेठ म्हणाला. त्याने तेवढं पाठ केलं होतं.

"शिवालिकच्या टेकड्या तिकडे उत्तरेला, हिमालयाच्या पायथ्याशी. तिथे एक उंट होता, लाखो वर्षांपूर्वी. त्याला कॅमेलस सिवालेन्सिस म्हणतात. आजच्या उंटाचं आणि त्याचं आडनाव एकच, कॅमेलस. नाव तेवढं वेगळं. तो आता कुठेच उरलेला नाही. आजच्या उंटासारखाच दिसत असावा, थोडा थोराड."

"दोन वशिंडांचा," प्रदीपशेठने चित्राकडे बोट दाखवलं.

"ते कुणी सांगितलं तुम्हाला? वशिंड म्हणजे चरबी. चरबी मागे राहत नाही, हाडं राहतात. एक होतं का दोन, हे हाडांवरून नाही कळत."

गावातलं कुणीतरी हसलं. हनुमंतने त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

"मग ओळखायचं कशावरून?" अनघाबाई आता प्रदीपशेठशी नाही, सगळ्यांशी बोलत होत्या. "दाढांवरून. शिवालिकच्या उंटाच्या खालच्या दाढेला बाहेरच्या बाजूने, पुढच्या कोपऱ्यात एक उभी घडी असते. छोटी, जणू भिंतीला टेकू दिल्यासारखी. दक्षिण अमेरिकेत लामा नावाचा प्राणी आहे, उंटाचा लांबचा भाऊबंद, त्याच्या दाढेला असते तशी. आजच्या उंटाच्या दाढेत ती दिसत नाही." त्यांनी जबडा फिरवून धरला. "या दाढेला ती नाही. सगळा कोपरा सपाट आहे."

शहनाजला लामा ठाऊक नव्हता, घडी ठाऊक नव्हती. पण "नाही" हा शब्द तिला नीट कळला.

पण प्रदीपशेठ तो प्रदीपशेठच. त्याचे डोळे उलट चमकले. "नाही ना? म्हणजे ही त्याच्याहूनही वेगळी जात! नवीच! मॅडम, आपण हिला गावाचं नाव देऊ. कॅमेलस मावळेन्सिस!"

टाळ्या पडल्या. हनुमंतने तर उभं राहून वाजवल्या. पडलो तरी नाक वर म्हणतात, ते हे. शहनाजला वाटलं, एवढं सरळ सांगूनही हा माणूस मैनेला पळवतोच आहे, आता नवं नाव लावून.

"बारसं आहे का हे?" अनघाबाईंचा आवाज पहिल्यांदा चढला. "नवी जात सांगायची तर आधी हे हाड जुनं आहे हे दाखवावं लागेल. इथला खालचा काळा कातळ लाव्हारसाचा, पृथ्वीवर उंट यायच्या कितीतरी आधीचा. हे हाड सापडलं वरच्या मातीत. आणि या पांढऱ्या कवचाबद्दल मला शंका आहे. मला हा चुना वाटतो." त्या शहनाजकडे वळल्या. "एक परीक्षा आहे. सुई लाल करून हाडाला लावायची. खऱ्या जीवाश्मात हाडाच्या जागी दगड भरलेला असतो, दगड जळत नाही. ताज्या हाडात चिकट अंश असतो, तो जळतो, वास येतो. पण हाडाला डाग पडेल. भोक पडेल बारीकसं. हे जनावर तुमचं म्हणताय, म्हणून तुम्हाला विचारते."

"हिला काय विचारताय?" प्रदीपशेठ म्हणाला. "जमीन माझी, हाड माझं."

शहनाजने जबड्याकडे पाहिलं. त्या अर्ध्या दाताकडे. जिवंतपणी मैनेच्या अंगाला सुई लावायची म्हटलं की गुरांचा डॉक्टरसुद्धा दोन दिवस आधी तिची समजूत काढायचा. आता मेल्यावर तिला डागायचं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिने पुसलंही नाही, सगळ्यांना दिसू दिलं.

"लावा," ती म्हणाली. "पर हितंच, सगळ्यांच्या म्होरं. कुनी भाईर जायचं न्हाई."

अनघाबाईंनी आपल्या डबीतली लांब सुई चिमट्यात धरली आणि उद्घाटनाच्या समईवर लाल केली. जबड्याच्या मागच्या बाजूला, कवच टवकलेल्या जागी टेकवली. बारीक धूर आला. मग वास.

या वासाला गावात नाव सांगायची गरज नव्हती. बकऱ्याची मुंडी आणि पाय चुलीवर भाजताना जो वास घरभर भरतो, तो हा. लेकराबाळांनाही माहीत असलेला. मुंबईच्या पाहुण्यांनी नाकाला रुमाल लावले. गावच्या माणसांनी नाकाला काही लावलं नाही. ते एकमेकांकडे बघायचं टाळत उभे राहिले.

"एसीचा वास आसंल," हनुमंत म्हणाला.

"मुंडी भाजल्याचा वास हाय ह्यो, हनुमंता." मागून आवाज आला. भागुबाई बायकांच्या घोळक्यातून पुढे आली. "आनि चुना मी टाकलाय. ह्या हातांनी. खड्डा तू भरलास, ध्यानात हाय का इसरलास? शहनाज खरं बोलतीय. मी तिला गप बस म्हनले, चुकले मी."

"भागुबाई, आगं, रस्ता!" हनुमंत पुटपुटला.

"रस्ता मागू की सरकारकडं, हक्कानं. उंटिनीच्या हाडावरनं कशापायी?"

अनघाबाईंनी सुई पुसून डबीत ठेवली. "हा आजचा उंट आहे," त्यांनी स्पष्ट सांगितलं. "पाळीव. वय झालेला. मी याहून वेगळं कुठेही लिहिणार नाही." फोटोग्राफरांनी फोटो काढायचं केव्हाच थांबवलं होतं. पाहुणे बाहेर हिरवळीकडे निघाले, जेवणाची वेळ झाली होती.

शहनाजने आपल्या खांद्यावरची सुती चादर जमिनीवर पसरली. पेटीतून कवटी काढून तिच्यावर ठेवली. एकेक फासळी ठेवायला लागली. भागुबाई शेजारी बसली आणि तिला हाडं हातात द्यायला लागली. शहनाजने ती घेतली. तिच्याशी बोलली मात्र नाही. राग एवढ्यात जाणार नव्हता, आणि तो लपवायची तिला गरजही वाटली नाही.

प्रदीपशेठ तिच्याजवळ येऊन वाकला. आवाज आता लोण्यासारखा. "मावशी, जरा ऐका. झालं ते झालं. पण पुण्यामुंबईच्या लोकांना काय कळतंय? पाटी तशीच राहू द्या. तुमचा गाडा आत लावा, चांगली जागा देतो, भाडं नको. तुम्हीच लोकांना उंट दाखवा."

शहनाज फासळ्या मांडत राहिली.

"बरं, पाटी बदलू. हवं ते लिहू. पण हाडं राहू द्या. एवढी पेटी बनवलीय." ती बोलेना तसा त्याचा तोल गेला. "अहो, हाडंच आहेत ही! काय उपयोग आहे तुम्हाला त्यांचा?"

तिने चादरीची टोकं जमवून गाठ मारली. जबडा गाठोड्यात मावला नाही, तो तिने छातीशी धरला आणि उभी राहिली.

"उपेग कायबी न्हाई," ती म्हणाली. "शेठ, तुमाला लाखो वर्सांमागचं जनावर का पायजे व्हतं, ते कळलं मला. त्याच्यामागं रडनारं कुनी ऱ्हात न्हाई, म्हनून. हिच्यामागं रडनारं मानूस अजून जित्तं हाय, आनि ते तुमच्या म्होरं उभं हाय. व्हा बाजूला."